डाव्या दारापाशी

सोमवार, २ मार्च

प्रिय मावशी,

फोनवर तू "हो हो, बरं बरं" म्हणतेस तेव्हा तुला काहीही ऐकू आलेलं नसतं, हे मला आता पुरतं कळलंय. म्हणून पत्र लिहितेय.

येत्या शुक्रवारी आमचा सिनेमा तुमच्या थिएटरात लागतोय. बसडेपोवाल्यांचा दुसरा भाग. पहिल्या भागाने तुमच्याकडे काय धुमाकूळ घातला होता ते तूच मला कळवलं होतंस. लोक उठून नाचले, सहा खुर्च्यांचे हात निखळले आणि मॅनेजर स्वतःच नाचत असल्यामुळे कोणाला रागवायची सोय राहिली नाही. त्या जुन्या बँडची गाणी सगळ्यांना तोंडपाठ, ती ड्रायव्हर-कंडक्टरांच्या गोष्टीत ओवली आणि गाडी सुसाट सुटली. आता दुसऱ्या भागाला लोक तोच आनंद मागायला येणार. इथे सगळे घाबरलेत, कारण हिट गाणी पहिल्यातच खर्ची पडली आणि हा भाग उरलेल्यांवर उभा आहे.

माझं काम तुला माहीत आहे. गाणाऱ्यांचे, वाद्यांचे, पावलांचे, दारांचे सुटे सुटे आवाज जुळवायचे. कुठला किती मोठा हवा आणि थिएटरात कुठून यायला हवा, ते ठरवायचं. पण ते लोकांच्या अंगात शिरतं की नाही हे आम्हाला बंद खोलीत बसून कळत नाही. तू छत्तीस वर्षं पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे बघत उभी आहेस. या धंद्यात तुझ्याइतकं कोणाला कळत नाही असं मी इथे सगळ्यांना सांगते.

तर एक काम कर. शेवटाकडे एक संथ गाणं आहे, डेपोतून शेवटची बस सुटते तेव्हाचं. त्या गाण्याला लोक काय करतात ते मला लिही. गातात, खोकतात, उठून जातात, जे असेल ते. मला बरं वाटावं म्हणून गोड करून लिहू नकोस. का विचारतेय ते नंतर सांगते.

तुझी,
भोंगा


शनिवार, ७ मार्च

प्रिय भोंगा,

तान्हेपणी भर सिनेमात टाहो फोडून अख्खं थिएटर बाहेर काढणारी पोर मोठेपणी आवाजाच्याच धंद्यात जाईल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. असो.

शुक्रवारी दोन्ही खेळ भरले. चारशे खुर्च्या, एक रिकामी नाही. निम्मे लोक कंडक्टरसारखी चामड्याची पिशवी गळ्यात अडकवून आले होते. एक आजोबा तर तिकीट पंच करायचं खरं यंत्र घेऊन आले आणि मी त्यांचं तिकीट फाडायच्या आत त्यांनीच माझ्या हातातल्या गठ्ठ्याला भोकं पाडली. पहिल्या गाण्याला सगळे सुरू. तो दाताचा डॉक्टर आठवतो ना, कायम ओठ आवळून बसणारा? त्याचं तोंड मी काल पहिल्यांदा उघडं पाहिलं. दवाखान्यातल्या तिघी नर्स सरळ ड्यूटीवरून आल्या होत्या, त्या खुर्चीवर टेकल्याच नाहीत.

कुरकुरणारेही आहेत, लपवत नाही. समोरचा शिंपी मध्यंतरात म्हणाला, पहिल्याची सर नाही, गाणी ओळखीची नाहीत, कथेला शेंडाबुडखा नाही. मी म्हटलं, मग जा घरी. तो म्हणाला, जातो कसला, संध्याकाळचं पण तिकीट काढलंय. आणि संध्याकाळी बायकोला घेऊन हजर. तेव्हा तुमच्या साहेबांना सांग, शिंपी कुरकुरत दोनदा आला म्हणजे सिनेमा चालणार.

त्या संथ गाण्याला लोक शांत बसतात. चांगलं आहे.

थंडी कमी झाली का तिकडे? गळ्याला गुंडाळत जा काहीतरी.

मावशी


मंगळवार, १० मार्च

मावशी,

शिंप्याला तू अर्धं पान दिलंस आणि मी ज्याच्यासाठी पत्र लिहिलं त्याला एक ओळ. "शांत बसतात, चांगलं आहे." तू असं कधी लिहितेस? तुझ्या चांगल्याचे निदान दहा प्रकार असतात. झोप येऊन शांत, लाजून शांत, भूक लागून शांत. हे तूच मला शिकवलंस, मी त्या दाराच्या पायरीवर पेपरमिंट चोखत बसायचे तेव्हा.

काहीतरी आहे आणि तू ते गिळलंयस. माझ्यासाठी ते फार मोलाचं आहे. इथे त्या गाण्यावरून चर्चा सुरू झालीय आणि ते बदललं जाईल अशी मला धास्ती आहे. जे दिसलं ते जसंच्या तसं लिही. माझी शपथ.

भोंगा


गुरुवार, १२ मार्च

प्रिय भोंगा,

शपथा घालू नकोस, सांगते. सांगायची लाज वाटत होती इतकंच.

त्या गाण्याला लोक माझ्याकडे बघतात.

हसू नकोस. शुक्रवारी दुपारी मी नेहमीसारखी डाव्या दारापाशी उभी होते. गाणं सुरू झालं, सगळे गायला लागले. मग हळूहळू एकेकाचं गाणं थांबलं. आधी मधल्या रांगेतल्या एका बाईची मान वळली. मग तिच्या नवऱ्याची. मग त्यांच्या मागची रांग, आणि बघता बघता चारशेच्या चारशे माणसं पडदा सोडून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, कोटाचं बटण तुटलं. चाचपून पाहिलं तर होतं जागेवर. वाटलं, बॅटरी चालू राहिली. तीही बंद. गाणं संपलं आणि सगळे पुन्हा पडद्याकडे वळले, जसं काही झालंच नाही.

संध्याकाळी तेच. शनिवारी तेच. म्हणून तुला लिहिलं नाही, म्हटलं म्हातारी चळली असं वाटेल तुला. मंगळवारी मी मुद्दाम चार पावलं बाजूला सरकले. नजरा माझ्याबरोबर आल्या नाहीत, दारावरच राहिल्या. म्हणजे माझ्याकडे नाही, दाराकडे बघतात. मॅनेजरला दाखवलं. त्याने बिजागरीला तेल घातलं. त्याला दुसरं काही सुचत नाही.

मशीनवाले काका म्हणतात, दारावरच्या स्पीकरमधून तेवढ्या वेळापुरता एका बाईचा आवाज येतो. येत असेल. त्या स्पीकरखाली उभं राहूनच माझा उजवा कान गेलाय. शिवाय मी गाणी ऐकायला उभी नसते, चेहरे बघायला असते.

आणि चेहऱ्यांचं खरं सांगू का? मी छत्तीस वर्षांत लोकांना हसताना, रडताना, घोरताना, एकमेकांचे हात धरताना पाहिलंय. हे असं कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी आपलं माणूस फार दिवसांनी दारात येऊन उभं राहावं आणि घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम तसंच ठेवून बघावं, तसे बघतात. तो दाताचा डॉक्टर, तो शिंपी, ती लहान लहान पोरं, सगळे. माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो. पाचव्या दिवशीही आला. थोडी भीतीही वाटते.

तुमच्या त्या गाण्यात काही बिघाड असेल तर कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

मावशी


रविवार, १५ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. बिघाड नाही. मी केलंय ते.

आमच्या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. माणसाचा आवाज पडद्यामागूनच यायला हवा. भिंतीवरून आला की लोक दाराकडे बघतात, आणि प्रेक्षक दाराकडे बघायला लागला की सिनेमा संपला. मला हा नियम ज्यांनी शिकवला त्यांना आम्ही थोरले म्हणतो. त्यांनी आमचं काम पूर्ण ऐकलं, मान डोलावली, सही केली. त्यानंतर मी त्यांना न विचारता एक आवाज पडद्यामागून काढून डाव्या भिंतीवर ठेवला.

मावशी, तो आईचा आवाज आहे.

त्या बँडने जुन्या गाण्यांच्या मूळ टेपा आम्हाला दिल्यात. त्या गाण्यात मागे बाराजणी आहेत. अकराजणींचा आवाज टेपेच्या एकाच ट्रॅकवर, एकमेकींत असा मिसळलेला की कोणाला वेगळं काढता येत नाही. बारावी एकटी आहे, वेगळ्या ट्रॅकवर. खोक्यावर कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय: उशिरा आली, वेगळी घेतली. तारीख बघितली आणि ओळखली, आईने मला ती सांगितलेली होती. तो दिवस मला आठवतो. मी तीन वर्षांची होते. आई मला तुझ्याकडे सोडायला आली होती आणि डाव्या दारात तुमचं भांडण झालं. मी पितळी मुठीला लोंबकळत होते. तू आईला काय म्हणालीस ते आईने मला पुढे कधीतरी सांगितलं. "बाराजणींच्या घोळक्यात तू गायलीस काय आणि न गायलीस काय, कोणाला कळणार आहे?" त्या बोलाचालीत तिची बस चुकली. ती पोचली तोवर बाकीच्या गाऊन घरी गेल्या होत्या.

तू भांडली नसतीस तर तीही त्या अकराजणींत मिसळून गेली असती आणि मला कधीच सापडली नसती. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मी तुझे आभारच मानायला हवेत, पण कसे मानायचे ते कळत नाही.

डाव्या भिंतीवर का, तेही सांगते. ज्या ज्या थिएटरात हा सिनेमा लागेल, तिथे तिने तुझ्या दारात येऊन उभं राहावं असं मला वाटलं. एवढंच.

आता वाईट बातमी. दुसऱ्या थिएटरांतूनही कळवलंय की लोक दाराकडे बघतात. थोरल्यांनी मला बोलावलं, मी कबूल केलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "नजर पडद्यावरून हलली म्हणजे चूक. कोणाचा का आवाज असेना." येत्या शुक्रवारी नवी प्रत सगळीकडे जाईल. त्यात आई पुन्हा पडद्यामागे, बाराजणींत. पुढचं काम मला मिळेल की नाही याचं मला फारसं काही नाही. ती परत घोळक्यात जाईल हे मात्र सहन होत नाही.

गुरुवारपर्यंत ती तिथे आहे. तू एकदा खुर्चीत बसून ऐक. तुझा डावा कान शाबूत आहे.

भोंगा


मंगळवार, १७ मार्च

माझ्या बाळा,

पत्र आज सकाळी आलं. ते वाक्य आईने तुला सांगितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ती मला त्यानंतर गाण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. बाकी सगळं बोलायचो. तुझ्या शाळेचं, तिच्या गुडघ्यांचं, कपडे कुठे स्वस्त मिळतात त्याचं. गाणं तेवढं दोघीही टाळत राहिलो, ती गेली तोपर्यंत.

दुपारच्या खेळाला मी मॅनेजरच्या हातात बॅटरी दिली आणि म्हटलं, आज मी तिकीट काढलंय. मधल्या रांगेत बसले. आधी तर मला बघावं कुठे तेच कळेना, सारखी मागे वळून चेहरे बघत होते. शेजारची नर्स म्हणाली, आजी, सिनेमा पुढे आहे. मग बघितला. इतकी वर्षं लोक कशाला हसतात ते आज समोरून पाहिलं आणि मीही हसले.

मग ते गाणं आलं. डेपोतले एकेक जण बसमध्ये चढतात, तसा एकेक आवाज कमी होतो. भोवतालचे लोक गात होते, तेही थांबले. आणि डावीकडून, दाराच्या वरून, ती आली. माझी मान वळली, मी वळवली नाही. मला वाटलं, दारात कोणी उभं राहून गातंय. दारात मॅनेजर होता आणि चारशे लोक बघतायत म्हणून बिचारा कोटाची बटणं चाचपत होता.

वरच्या सुराच्या आधी ती श्वास घेते, तो ऐकू आला. लहानपणी आम्ही एका अंथरुणात झोपायचो. काही मागायचं असलं की आधी असाच श्वास घ्यायची. त्या श्वासावरून मला कळायचं, आता माझी रिबीन मागणार. पासष्टीला आले, पण तो श्वास मी कुठेही ओळखला असता. आणि दहा दिवस मी त्याच्याखाली उभी होते.

कोणाला कळणार आहे, म्हणाले होते मी. चारशे जणांना कळलं. सगळ्यांत शेवटी मला कळलं.

मी रडले, भरपूर रडले. नर्सने रुमाल दिला, तो धुऊन परत करायचाय.

खालचा कागद फाडून तुझ्या थोरल्यांना दे. शुद्धलेखन तपासू नकोस.

"साहेब, मी थिएटरात दारावर उभी असते. लोक दाराकडे कधी आणि कसे बघतात हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. कंटाळलेला माणूस आधी घड्याळ बघतो, मग शेजाऱ्याकडे, मग दाराकडे, आणि दाराकडे बघताना त्याचे पाय आधी हलतात. या गाण्याला मी रोज दोन खेळ बघते आहे. एकाही माणसाने घड्याळ बघितलं नाही. एकाचाही पाय हलला नाही. ते बाहेर जायला दाराकडे बघत नाहीत, कोणीतरी आत येतंय म्हणून बघतात. हा फरक खोलीत बसून कळत नाही, इथे येऊन उभं राहावं लागतं. पोरीने तुम्हाला न विचारता केलं, तिला शिक्षा करा, मी मध्ये पडणार नाही. पण नवी प्रत पाठवण्याआधी एकदा तिकीट काढून बसा."

मावशी


शनिवार, २१ मार्च

प्रिय मावशी,

कागद गुरुवारी सकाळी थोरल्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग टोपी घातली आणि निघून गेले. पलीकडच्या रस्त्यावरच्या थिएटरात दुपारच्या खेळाला गेले होते, हे नंतर कळलं.

परत आल्यावर माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिथे नुसतं दार आहे हे मला माहीत होतं. कोणी येणार नाही हेही माहीत होतं. तरी बघितलं." मग टोपी काढली, पुन्हा घातली. "चाळीस वर्षं मी लोकांना तिकडे बघू दिलं नाही," म्हणाले आणि गेले.

नवी प्रत जाणार नाही. आई राहिली. मला मात्र पुढचे सहा महिने साबणाच्या जाहिराती. तुझं शुद्धलेखन मी तपासलं नाही, त्यांनी तपासलं. तीन चुका काढल्या आणि कागद घडी करून खिशात ठेवला. परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

सोबत टेपेच्या खोक्याचा फोटो पाठवतेय. पेन्सिलीचं अक्षर पुसट आहे, उजेडात धर.

भोंगा


बुधवार, २५ मार्च

प्रिय भोंगा,

साबणाच्या जाहिरातीही नीट कर, त्याही लोक ऐकतातच.

फोटो मी तिकीटघराच्या काचेच्या आतल्या बाजूला लावलाय. मॅनेजरने विचारलं, हे काय. मी म्हटलं, माझी बहीण. तो म्हणाला, यात तर नुसतं खोकं आहे. मी म्हटलं, हो, तीच.

शिंपी सहाव्यांदा येऊन गेला. अजून म्हणतो पहिल्याची सर नाही. पण आता कोपऱ्यातली खुर्ची मागून घेतो, डाव्या दाराजवळची.

तुला एक सांगायचं राहिलं. बिजागरीला तेल घातल्यावर मॅनेजर मला म्हणाला होता, त्या गाण्याला तुम्ही बाजूला होत जा, लोकांच्या नजरेत येता. काही दिवस व्हायचेही. आता होत नाही. तुझी आई आयुष्यभर गायली, पण रेकॉर्डिंगच्या काचेमागे, भिंतीकडे तोंड करून, अकराजणींच्या आड. तिचं गाणं ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो हे तिने एकदाही पाहिलं नाही. आता रोज दोनदा चारशे चेहरे तिच्याकडे वळतात आणि ती तिथे नसते.

म्हणून मी उभी राहते. बरोबर स्पीकरखाली, बटणं लावून, ताठ. उजव्या कानाने मला काही ऐकू येत नाही, पण ती आता कुठल्या ओळीवर आहे, श्वास कुठे घेतला, वरचा सूर कधी लागला, हे मला समोरच्या चेहऱ्यांवरून बरोबर कळतं. गाणं संपेपर्यंत मी एकेक चेहरा नीट बघून घेते. तिच्या वतीने.

मावशी